कथा-कादंबरीतलं खरं किती? वाचकांकडून सतत येणारे प्रश्न

पुस्तक परत करताना वाचक हमखास विचारतात, "यातलं खरं किती हो?" ऐतिहासिक कादंबरी असेल तर नक्कीच. त्याच्या उलट बाजूने येणारे पालक म्हणतात, "खरं नसेल तर पोराने वाचायचं कशाला?" दोन्ही बाजूंच्या प्रश्नांतले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मतं अर्थातच माझी आहेत.

१. कल्पित साहित्य म्हणजे कथा-कादंबऱ्याच ना?

त्या आहेतच. पण नाटक, सिनेमा, तमाशातला वग, कीर्तनाच्या उत्तररंगातलं आख्यान, श्रावणातल्या कहाण्या आणि आजीने सांगितलेली चिऊ-काऊची गोष्ट हेही त्यातच धरा. आपण रचून सांगतोय हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि तरी दोघं रंगून जातात. एकालाच ठाऊक असेल आणि दुसऱ्याला अंधारात ठेवलं असेल तर ती थाप. चिमणीने घरासाठी मेण आणलं कुठून, हे एकही पोर विचारत नाही. 'मग काय झालं?' एवढंच विचारतं.

घोळ सुरू होतो तो गोष्टीत खऱ्या माणसांची नावं आली की. खालचे निम्मेअधिक प्रश्न त्याच घोळातून आले आहेत.

२. मराठीत कादंबरी इंग्रजांमुळे आली म्हणतात. मग त्याआधी आपल्याकडे गोष्टी नव्हत्या का?

कादंबरी हा घाट इंग्रजी अमदानीत आला, हे खरं. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आणि रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची. पहिलीत विधवांचे हाल, दुसरीत अद्भुताची रेलचेल, तिसरीत शिवकाल. पुढच्या दीडशे वर्षांत मराठी कादंबरी ज्या वाटांनी गेली, त्यातल्या तीन वाटा पहिल्या पंधरा वर्षांतच पडल्या होत्या.

गोष्टी मात्र फार जुन्या. महानुभाव पंथाच्या 'दृष्टान्तपाठा'त चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी एकत्र केले. आंधळ्यांनी हत्ती चाचपडून पाहिल्याची गोष्ट त्यात आहे. असा हत्ती कुठल्या गावात आला होता, याची चौकशी कुणी केली नाही. गोष्ट रचलेली आहे आणि ती काहीतरी समजावण्यासाठी रचलेली आहे, हे तेराव्या शतकातल्या श्रोत्याला नीट कळत होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'जुन्या लोकांना गोष्ट आणि घटना यातला फरक कळत नव्हता' असं सर्रास बोललं जातं. आजच्या समाजमाध्यमांवरच्या आपल्यापेक्षा त्यांना तो बरा कळत असावा.

३. जे घडलंच नाही ते वाचून मिळतं काय? करमणूक सोडून बोला.

करमणूक सोडून कशाला बोलायचं? हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं त्याचं नावच 'करमणूक' ठेवलं होतं. आणि त्याच करमणुकीत त्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली. यमू नावाची मुलगी स्वतःची हकिकत स्वतः सांगते: माहेर, लग्न, सासर, नवऱ्याशी जुळलेलं मन, मग वैधव्य आणि बळजबरीने केलेलं केशवपन. याच सुमारास पुण्यात संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय ठरवणाऱ्या विधेयकावरून रण पेटलं होतं. व्याख्यानं, अग्रलेख, शास्त्रार्थ, सगळं चालू होतं. १८९१ मध्ये कायदाही झाला. त्या सगळ्या गदारोळात बोलणारे बहुतेक पुरुष. घरातली बाई 'मी' म्हणून बोलतेय, आणि तिचं बोलणं घरोघरी पोचतंय, हे कादंबरीने केलं. यमू कधी जन्मलीच नाही. तिच्यासारख्या हजारो जन्मल्या होत्या, पण त्यांच्यापैकी फार थोड्यांना लिहायला येत होतं आणि लिहू दिलं असतं अशा तर त्याहून थोड्या.

दुसरं उदाहरण अगदी घरातलं. श्रावणातली शुक्रवारची कहाणी आठवा. भावाने सहस्रभोजन घातलं, गावाला आमंत्रण दिलं आणि गरीब बहिणीला वगळलं. ती पोरांना घेऊन तशीच गेली, तर त्याने तिला सगळ्यांदेखत घालवून दिली. पुढे तिचे दिवस पालटले, तसा भाऊ बोलवायला आला. ती शालू नेसून, दागिने घालून गेली, पाटावर बसायच्या आधी शालू आणि दागिने काढून पाटावर मांडले आणि ताटातला एकेक पदार्थ उचलून एकेका दागिन्यावर ठेवू लागली. भावाने विचारलं, हे काय? ती म्हणाली, जिला जेवायला बोलावलंस तिला जेवू घालतेय. भावाचं घर आणि बहिणीचा मान यावर याहून धारदार काही लिहिलं गेलंय असं मला वाटत नाही. आणि हे वाचलं कुठे जात होतं? त्याच घरात, त्याच भावांच्या आणि वहिन्यांच्या कानावर पडेल अशा आवाजात. जी तक्रार तोंडावर करता येत नाही ती कहाणी म्हणून वाचता येते, शेवटी 'सुफळ संपूर्ण' म्हणता येतं आणि कुणाला रागावताही येत नाही.

४. ऐतिहासिक कादंबरीत साधारण किती टक्के खरं असतं?

टक्के सांगता येत नाहीत, थर सांगता येतात. नावं, नाती, लढाया, तारखा, मुक्कामाची गावं ही बहुधा कागदपत्रांतून घेतलेली असतात. त्यांच्यावर कारणांचा थर असतो: अमुक माणूस अमुक का वागला. तो लेखकाचा तर्क. सगळ्यात वर संवाद आणि एकांतातले प्रसंग, आणि ते जवळजवळ पूर्ण रचलेले.

थोरल्या माधवराव पेशव्यांचं घ्या. ते क्षयाने आजारी होते, नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले, त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. हे इतिहासात आहे. रणजित देसाईंच्या 'स्वामी'ने (१९६२) या दोघांचं जे हळवं सहजीवन रंगवलं त्याला कुणी साक्षीदार नव्हता, असणार तरी कसा? तरीही आज थेऊरला जाणाऱ्या मराठी माणसाच्या मनात जे माधवराव-रमा असतात ते बव्हंशी कादंबरीतले असतात. यात लेखकाची फसवणूक काही नाही. मुखपृष्ठावर 'कादंबरी' असं लिहिलेलं असतं. ते वाचायचं आपण विसरतो.

ओळखायची सोपी खूण एकच: दोन माणसं बंद खोलीत बोलतायत आणि तिसरा कुणी नाही, असा प्रसंग आला की तो लेखकाचा समजा.

५. 'गड आला पण सिंह गेला' हे महाराज खरंच म्हणाले होते ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच उत्तरावर सगळ्यात जास्त लोक चिडतात, म्हणून सावकाश सांगतो.

कोंढाणा मराठ्यांनी परत घेतला फेब्रुवारी १६७० मध्ये. तानाजी मालुसरे त्यात पडले. याबद्दल कुणालाही शंका नाही. महाराजांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीला बसून बखर लिहिली. त्यात ही लढाई आहे. मावळे कडा चढून गेले, उदेभान आणि तानाजी दोघेही पडले, सूर्याजीने लोक सावरून गड घेतला, गडावर आग लावून राजगडाला इशारत दिली, असं तो सांगतो. तानाजी गेल्याचं कळल्यावर महाराजांच्या तोंडी त्याने घातलेलं वाक्य आहे: 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' सिंह नाही. गडाच्या बदल्यात गड.

आता नावाचं. तानाजींच्या बलिदानामुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण १६६३ च्या, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधीच्या पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे. नाव आधीचं, बलिदान नंतरचं. दोन्ही खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी होत्या, त्यांना लोकांच्या मनाने एका गाठीत बांधलं.

ती गाठ पक्की केली हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या त्या कादंबरीचं शीर्षकच 'गड आला पण सिंह गेला'. तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट केला, पुढे १९३३ मध्ये प्रभातचा बोलपट आला. कादंबरी, पडदा, क्रमिक पुस्तक, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक, एवढ्या सगळ्यांतून गेलेलं वाक्य मग कुणाचं राहत नाही.

मग ते वाक्य खोटं का? महाराज नेमकं काय म्हणाले याची ध्वनिफीत कुणाकडेच नाही. सभासदाचं वाक्यही लढाईनंतर सत्तावीस वर्षांनी लिहिलेलं. पण सभासद त्या दरबारातला माणूस आहे, त्यामुळे दोन्हींत वजन त्याच्या वाक्याला. आणि माझं विचाराल तर ते वाक्य जास्त चटका लावणारं आहे. सिंह म्हणणं हे कौतुक झालं. माणसाला गड म्हणणं हा राज्य चालवणाऱ्याचा हिशेब आहे, ज्यात एक गड मिळाला आणि एक गमावला, म्हणजे हातात राहिलं काय?

६. घोरपडीला दोर बांधून चढले तेही खरं नाही का? आणि हिरकणी?

यशवंती घोरपड शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत नाही. रायबाच्या लग्नाचं निमंत्रणही पोवाड्यातलंच. पोवाडा हा डफावर, जमावापुढे, अंगावर काटा यावा म्हणून गायचा प्रकार. त्याच्याकडून तहनाम्याची अचूकता मागू नये.

हिरकणीची गोष्ट रायगडाच्या परिसरातली लोककथा म्हणून ऐका. कोजागिरीला दूध विकायला आलेली गवळण, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं मूल आणि कडा. ती घडली असेल किंवा नसेलही. राजाने केलेली तटबंदी आईने मोडून काढली आणि राजाने तिला शिक्षा न करता साडीचोळी दिली, हे सांगण्यासाठी लोकांनी ती जपली.

७. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, याचा पुरावा काय?

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि रघुनाथरावांना दोषी धरलं. इथपर्यंत इतिहास. 'धरावे'चं 'मारावे' केलेला तो कागद मात्र कुठल्याही दप्तरातून बाहेर आलेला नाही.

पण गोष्ट पाहा कशी चोख आहे! खून पुरुषांनी केला, कट पुरुषांनी रचला, फायदा पुरुषाचा. आणि खापर फुटलं घरातल्या बाईवर, तेही एका अक्षराच्या आधाराने. गोष्टी नेहमी दुबळ्यांच्याच बाजूने असतात असा जो भाबडा समज आहे (आणि शुक्रवारच्या कहाणीबद्दल लिहिताना मीही त्याला थोडं खतपाणी घातलं), त्यावर हा उतारा आहे. कल्पित दोन्हीकडे चालतं. ज्याला कुणी वकील नाही त्याच्यावर ते आळही घेतं.

८. मग बखरीला इतिहास म्हणायचं की गोष्ट?

दोन्ही, आणि प्रत्येक बखरीत प्रमाण वेगळं. सभासदाचं वजन वेगळं, शे-दीडशे वर्षांनी ऐकीव माहितीवर लिहिलेल्या बखरीचं वेगळं. पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर मराठी गद्याचा उत्तम नमुना आहे, तिच्यातली लढाई वाचताना छाती धडधडते. पण आकडे आणि कारणं तिच्यावरून ठरवायची नाहीत. बखरकाराने 'हे मी रचलं' असं कुठे म्हटलेलं नसतं, म्हणून पहिल्या प्रश्नातली कसोटी इथे लागू पडत नाही. बखर वाचताना कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, एवढं आधी पाहावं.

९. शहाणीसुरती माणसं दंतकथेवर विश्वास का ठेवतात?

कारण त्यांना तसं घडायला हवं असतं. याचं मराठी इतिहासातलं सगळ्यात चमत्कारिक उदाहरण म्हणजे भाऊसाहेबांचा तोतया. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या देहाची ओळख पटण्याबद्दल शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. मग 'मीच भाऊ' म्हणणारा एक माणूस उभा राहिला. तुरुंगात पडला, सुटला, १७७६ मध्ये रत्नागिरीकडच्या गडांवर त्याने ताबा मिळवला, आणि फौजा त्याच्यामागे गेल्या! शेवटी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झालं.

त्या लोकांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. महाराष्ट्रात ज्यांच्या घरचं कुणी पानिपताहून परतलं नव्हतं अशी किती घरं असतील! भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही येईल. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. मला स्वतःला या प्रकरणात तोतयापेक्षा त्याच्यामागे गेलेल्यांची गोष्ट वाचायला आवडेल.

१०. 'मृत्युंजय'मधला कर्ण आणि महाभारतातला कर्ण एकच ना? आमच्याकडे यावरून वाद झाला.

एक नाहीत. शिवाजी सावंतांची कादंबरी १९६७ ची. तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आळीपाळीने बोलतात. व्यासांच्या महाभारतात कर्णाच्या बायकोला असा आवाजच नाही. कादंबरीतला कर्ण सोसणारा, उदात्त. महाभारतातला कर्ण द्यूतसभेत द्रौपदीला नको ते बोलणारासुद्धा आहे. योगायोग असा की त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. ते कादंबरी नाही, संशोधकाने लिहिलेले लेख आहेत, आणि त्यातल्या माणसांना कसलीही सूट मिळत नाही. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचा, तुमचा वाद मिटेल किंवा जास्त चांगला होईल.

पुराणकथा पुन्हा लिहिण्याची सवय आपल्याकडे जुनीच. खाडिलकरांच्या 'कीचकवध'मध्ये (१९०७) प्रेक्षकांना कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे कुणी सांगावं लागलं नाही. सरकारलाही कळलं, १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. महाभारताची गोष्ट होती म्हणूनच ते रंगमंचावर येऊ तरी शकलं.

११. पात्राच्या तोंडी वाईट बोल आले तर ते लेखकाचं मत धरायचं का?

नाही. खलनायक कटू बोलणारच. पण एवढ्यावर सुटका होत नाही, कारण नाटकाचा एकूण झोक कुठे आहे हे पाहावं लागतं.

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात रंगमंचावर आलं आणि नाना फडणविसांचं त्यातलं चित्रण पाहून गदारोळ झाला. तेंडुलकरांचं म्हणणं होतं की हे ऐतिहासिक नाटक नाही. पेशवाईतला पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास खरा होता, १७९१ मध्ये जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं हेही खरं. मात्र सत्ता आपल्या सोयीसाठी राक्षस कसा उभा करते आणि काम झालं की त्याला जमावाच्या हवाली कसा करते, हा नाटकाचा विषय. पेशवाईचा वेश त्याने त्यासाठी घेतला. मला हे म्हणणं पटतं. त्याच वेळी, ज्यांना नानांबद्दल आदर आहे त्यांना 'हे तुमचे नाना नव्हेतच' हे सांगून पुरत नाही, हेही कळतं. खरं नाव वापरलं की त्याची ऊब मिळते तशी झळही लागते.

१२. 'श्यामची आई' कादंबरी आहे की आत्मचरित्र? आणि दलित आत्मकथनं?

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली. आई त्यांची, पालगड त्यांचं, बहुतेक प्रसंग त्यांचे. पण मुलाचं नाव पांडुरंगऐवजी श्याम, आणि तो आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्टी सांगतो अशी मांडणी. आत ऐवज आयुष्याचा, वर बांधणी गोष्टीची. मी तिला आत्मकथनात्मक गोष्टींचं पुस्तक म्हणतो.

आत्मकथनांबाबत जरा जपून बोलावं. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे हे दोन भाग केले, म्हणून ते कल्पित होत नाही. 'इतकं वाईट कुठे असतं, रंगवून लिहिलंय' असं म्हणणारे वाचक आजही भेटतात. ज्यांना गावकुसाबाहेरचं जगणं अविश्वसनीय वाटतं त्यांनी पुस्तकाचा प्रकार बदलण्याऐवजी आपल्या माहितीतली उणीव पाहावी.

उलट अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) ही खऱ्या माणसावर उभी असूनही कादंबरीच आहे, आणि कादंबरी म्हणूनच वाचावी. तिच्याबाबतीत चौथ्या प्रश्नातले थर लागू होतात. फरक इतकाच की फकिराबद्दल सरकारी दप्तर ज्यांनी लिहिलं ते त्याला पकडायला निघालेले लोक होते. मग कादंबरीकाराच्या घरात ऐकलेली आठवण आणि पोलिसांचा कागद यातलं विश्वासार्ह कोणतं, याचं उत्तर पाचव्या प्रश्नातल्याइतकं सरळ राहत नाही.

१३. नवीन संशोधन आलं की जुनी कादंबरी बाद समजायची का?

साहित्य म्हणून नाही, माहिती म्हणून होय. संभाजी महाराजांचं उदाहरण पुरेसं आहे. बखरींच्या आधाराने लिहिलेल्या कित्येक जुन्या नाटकांनी त्यांना व्यसनी, बेजबाबदार रंगवलं. 'थोरातांची कमळा' ही दंतकथा तर पडद्यावरही गेली. वा. सी. बेंद्र्यांनी लिहिलेलं संभाजी महाराजांचं चरित्र १९६० मध्ये आलं, कमल गोखल्यांनी लिहिलेलं १९७१ मध्ये, आणि चित्र मुळापासून बदललं. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची, या संशोधनानंतरची. म्हणजे कादंबरी इतिहासाच्या मागे चालते, कधी दोन पावलं, कधी पन्नास वर्षं. जुनं नाटक हाती आलं तर त्याचं साल बघा आणि त्या सालापर्यंत काय माहीत होतं तेवढ्यावरच त्याला जोखा.

१४. चित्रांनाही हे लागू होतं का?

पूर्णपणे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर गेल्या. आज डोळे मिटून देवी आठवली की साडी नेसलेली, तशाच चेहऱ्याची दिसते. ती चित्रकाराची कल्पना.

याहून गमतीची चूक इतिहासात झाली. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र कैक वर्षं शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. बेंद्र्यांनीच ते शोधून काढलं आणि १९३३ मध्ये खरं चित्र पुढे आणलं.

१५. 'सर्व पात्रे काल्पनिक असून साम्य आढळल्यास योगायोग समजावा' हे लिहिलं की लेखक सुटतो का?

या सूचनेचा उगम परदेशात आहे. रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रासपुतिन या साधूवर हॉलिवूडमध्ये १९३२ मध्ये एक सिनेमा निघाला. रशियातून परागंदा झालेल्या युसुपोव्ह घराण्याची सून असलेल्या राजकन्येने त्यातलं एक पात्र आपल्यावरून बेतलंय म्हणून लंडनच्या कोर्टात दावा लावला आणि १९३४ मध्ये पंचवीस हजार पौंड मिळवले. सिनेमाच्या सुरुवातीला तर 'यातली काही माणसं हयात आहेत' असं फुशारकीने लिहिलं होतं! तेव्हापासून निर्मात्यांनी उलट लिहायला सुरुवात केली.

सूचना म्हणजे चिलखत नव्हे. गावातल्या माणसाचं घर, धंदा, लकब जशीच्या तशी घेतली आणि सगळ्यांना तो ओळखू आला, तर खाली योगायोग लिहून भागत नाही.

१६. कथा-कवितेवर खटला होऊ शकतो का?

होतो, झालेत. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष सुटले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलतायत, हे न्यायालयाने नोंदवलं.

अवघड अपवाद 'गांधी मला भेटला' या कवितेचा. ती १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात छापली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असं धरलं की इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले, तर कसोटी अधिक कडक लागते. माफी मागितलेल्या प्रकाशकाला मोकळं केलं, कवीचा प्रश्न खालच्या कोर्टावर सोडला. कवितेतले गांधी हे रूपक आहे, हा बचाव पुरेसा पडला नाही. मला हा निकाल पटत नाही. रूपकाला अब्रू असते असं एकदा मानलं की दृष्टान्तपाठातल्या हत्तीचीही परवानगी काढावी लागेल. पण कायदा आज असा आहे, आणि लिहिणाऱ्याने तो माहीत करून घ्यावा.

१७. मुलाने शाळेच्या प्रकल्पात कादंबरीतला प्रसंग इतिहास म्हणून लिहिला. शिक्षकांनी गुण कापले. बरोबर आहे का?

गुण कापले ते ठीक, पुस्तक हातातून काढून घेऊ नका. 'अमुक कादंबरीत असं रंगवलं आहे' एवढी शब्दरचना केली असती तर काम झालं असतं. बहुतेक मुलांना इतिहासाची गोडी कादंबरीतूनच लागते. पुढची पायरी म्हणून त्याला प्रस्तावना वाचायची सवय लावा. 'श्रीमान योगी'च्या सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र आहे, त्यात ते कादंबरीकाराला इतिहासाचे प्रश्न विचारतात. आठवी-नववीच्या मुलाला ते जड जाईल. दहावीनंतर द्या.

१८. आमच्या गावच्या बुरुजाबद्दल एक दंतकथा आहे. ग्रामपंचायत फलक लावतेय. ती लिहावी का?

जरूर लिहा, पण 'अशी आख्यायिका आहे' हे शब्द पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात. साल टाकू नका. फलकावर साल आलं की दहा वर्षांत तेच पुरावा म्हणून दाखवलं जातं. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांकडून गोष्ट वेगवेगळी ऐका. शेवट जुळत नसेल तर दोन्ही शेवट लिहा. आणि बुरुजाचं बांधकाम कुणाच्या काळातलं, याची माहिती पुरातत्त्व खात्याकडून मिळाली तर ती खाली वेगळ्या परिच्छेदात द्या, गोष्टीत मिसळू नका.